आधी विचारता आलं पाहिजे

पुण्यात नोकरीसाठी आलेल्या लोकांना मी मराठी शिकवते. मॉडेल कॉलनीतल्या आमच्या घराची पुढची खोली संध्याकाळी वर्ग होते. पहिल्या दिवशी मी फळांची नावं शिकवत नाही, रंग नाही, प्राणी नाही. फळ्यावर प्रश्न लिहिते. कोण, काय, का, कधी, केव्हा, कुठे, कुठला, कोणता, कसा, कसला, कशाचा, कशाला, किती, कितवा, कितीदा, केवढा, कुणीकडे. लोक घाबरतात, इंग्रजीत एवढे नसतात म्हणतात. मी म्हणते, एवढे उचला, बाकीची मराठी भाजीवाली आणि रिक्षावाले शिकवतील.

हे मी अनुभवातून करत आले होते. भाषा टिकण्याशी त्याचा किती जवळचा संबंध आहे ते मात्र मला तैवानहून आलेल्या एका मुलीकडून समजलं. त्याबद्दल बरेच दिवस लिहायचं होतं.

अय्यंगार योग संस्थेत शिकायला जगभरातून माणसं येतात आणि आमच्या भागात खोल्या घेऊन राहतात. ही मुलगी आमच्या वरच्या खोलीत राहायला आली आणि आठवड्याभरात मला काकू म्हणायला लागली. मग माझ्या वर्गालाही बसली. मी फळ्यावर प्रश्न लिहीत होते आणि ती वहीत प्रत्येक शब्दासमोर रोमन अक्षरांत आणखी एक शब्द लिहीत होती. चिनी असती तर चित्राक्षरं दिसली असती. मी विचारलं तर म्हणाली, "काकू, हे आमिस. माझ्या आजीची भाषा."

मी डेक्कन कॉलेजात भाषाशास्त्र शिकले आहे. आमिस ज्या भाषाकुळातली, ते ऑस्ट्रोनेशियन कुळ तेव्हा आमच्या वाट्याला आलं ते मलय आणि तागालोगच्या उदाहरणांतून. पण या कुळाची पाळंमुळं तैवानमध्ये आहेत. पश्चिमेला मादागास्कर, पूर्वेला ईस्टर बेट, एवढ्या समुद्रावर पसरलेल्या बाराशेच्या वर भाषा या कुळात येतात. रॉबर्ट ब्लस्ट या भाषाशास्त्रज्ञाने 1999 साली या कुळाच्या दहा शाखा मांडल्या, त्यांतल्या नऊ एकट्या तैवान बेटावर आहेत. उरलेली सगळी भाषा मंडळी, मलय, मालागासी, माओरी, हवाईची, एका दहाव्या शाखेत मावतात. पोर्तुगीजांच्या 'फॉर्मोसा'वरून या बेटावरच्या मूळ भाषांना फॉर्मोसन म्हणायची पद्धत पडली. तैवानची लोकसंख्या सव्वादोन कोटींच्या वर, त्यात मूळ रहिवासी जेमतेम अडीच टक्के. सरकारने मान्यता दिलेल्या सोळा जमाती आहेत. त्यांतली आमिस सर्वांत मोठी, दोन लाखांहून अधिक माणसं, मुख्यतः पूर्व किनाऱ्यावर ह्वालिएन आणि ताइतुंग जिल्ह्यांत. आमची पाहुणी ताइतुंगच्या किनाऱ्यावरची. एका बाजूला प्रशांत महासागर, दुसऱ्या बाजूला लगेच डोंगर, मध्ये चिंचोळी शेतं.

आता तिची वही. 'कोण' समोर तिने लिहिलं होतं त्सिमा. रोमनमध्ये ते 'सी' अक्षराने लिहितात, पण उच्चार आपल्या 'चाक', 'चमचा' मधल्या च-चा. इथे पुढे इ आल्यावर आपला च बदलतो, म्हणून मी त्स लिहिते आहे. 'काय' समोर माआन. 'कुठे' समोर इत्सोवा. 'किती' समोर पिना.

मी शिकवते त्या क्रमाने तिने मला पहिलं वाक्य म्हणून दाखवलं: "त्सिमा को ङाङान इसो?" म्हणजे तुझं नाव काय. शब्दांकडे पाहिलं तर मात्र तिथे 'काय' नाही, 'कोण' आहे. तुझं नाव कोण? आणि हे फक्त आमिसमध्ये नाही. डोंगरातल्या अतायाल लोकांत "इमा लालु सु?", दक्षिणेकडच्या पाइवान लोकांत "तिमा सु ङादान?". इमा, तिमा दोन्ही 'कोण'च.

मी यावर बराच विचार केला. आमिसमध्ये माणसाच्या नावाआधी त्सि लावतात. पानाय हे मुलीचं नेहमीचं नाव, त्याचा अर्थ भात, शेतातलं. पिकाविषयी बोलताना नुसतं पानाय; मुलीविषयी बोलताना त्सि पानाय. आणि 'कोण'साठीच्या त्सिमा शब्दाची सुरुवातच त्या त्सि-ने होते. पाइवानमध्ये नावाआधी ति, आणि 'कोण' म्हणजे तिमा. फिलिपिन्सच्या तागालोगमध्ये नावाआधी सि, आणि 'कोण' म्हणजे सिनो. तेव्हा नाव विचारताना वस्तूचा प्रश्न वापरायचा कसा? नावाला माणसाची खूण आधीपासून लागलेली आहे. मला हे फार आवडलं. आपल्याकडेही जुनी माणसं दारातल्या परक्याला "आपण कोण?" विचारायची आणि उत्तरात नावच अपेक्षित असायचं. ङाङान या शब्दाचा तर मला वेगळाच आनंद झाला. आपल्या अंकलिपीत क ख ग घ च्या पाठोपाठ ङ असतो, मुलं तो घोकतात आणि पुढे 'वाङ्मय' सोडलं तर त्याची गाठ पडत नाही. तिकडे नाव या शब्दाची सुरुवातच ङ-ने होते.

'किती'पाशी आम्ही एक पूर्ण संध्याकाळ घालवली. मी वर्गात सांगत होते की मराठीत दोन पोळ्या, पण माणसं दोघं. तीन पुस्तकं, पण तिघी मैत्रिणी. चार खुर्च्या, चौघे भाऊ. इंग्रजी घेऊन आलेले विद्यार्थी इथे हमखास अडखळतात. ही मुलगी एकदम ताठ बसली. त्यांच्याकडे दोन म्हणजे तोसा, पण माणसं असली की तातोसा. तीन तोलो, माणसं तातोलो. चार सेपात, माणसं सासेपात. पाच लिमा, माणसं लालिमा. पहिलं व्यंजन घ्यायचं, त्याला आ जोडून पुढे ठेवायचं. आपण चौघांवर थांबतो आणि पुढे पाच जण, सहा जण करतो, त्यांच्याकडे ही रीत पुढेही चालते. आणि प्रश्नालाही लागते! वस्तू किती, तर पिना. माणसं किती, तर पापिना. "पापिना को वावा इसो?" मुलं किती तुला? विचारणाऱ्याला आधी ठरवावं लागतं की आपण माणसांविषयी विचारतो आहोत की सामानाविषयी.

हा पिना शब्द तर दर्यावर्दी आहे. पाइवानमध्ये पिदा, बुनुनमध्ये पिआ, अतायालमध्ये पिरा. मग बेट सोडून समुद्रावर निघा. सामोआत फिआ. न्यूझीलंडच्या माओरींत आणि हवाईत हिआ. हिंदी महासागर ओलांडून आफ्रिकेच्या कुशीतल्या मादागास्करला फिरी. सगळ्यांचा अर्थ किती. होड्यांतून गेलेल्या माणसांनी हजारो वर्षांत घरं बदलली, पिकं बदलली, देव बदलले, आणि मोजदाद करायचा प्रश्न तोच ठेवला. मी हे फळ्यावर नकाशा काढून दाखवलं तेव्हा त्या मुलीने फोटो काढून आईला पाठवला.

'कितवा' तर वर्गाची कायमची अडचण. "तू घरातली कितवी मुलगी?" हा साधा प्रश्न इंग्रजीत धड विचारता येत नाही, म्हणून शिकणाऱ्यांना त्याची गरजच पटत नाही. आमिसमध्ये दोन म्हणजे तोसा आणि दुसरा म्हणजे सकातोसा. तेच सका पिनाला लावलं की सकापिना, कितवा. तिला एका क्षणात समजलं. माझ्या वर्गात 'कितवा' इतक्या सहज घेतलेला विद्यार्थी मी पाहिला नव्हता.

पण या भाषेतली मला सर्वांत थोर वाटलेली गोष्ट वेगळीच. आपण 'काय' ला क्रियापद जोडतो: काय करतोस, काय झालं. त्यांच्याकडे 'काय' हेच क्रियापद होतं. माआन हा मूळ शब्द. त्याला मि लावा, म्हणजे कर्ता स्वतः काही करायला निघाला आहे: "मिमाआन किसो?" तू काय करतोयस? मा लावा, म्हणजे त्याच्या बाबतीत काही घडलं आहे: "मामाआन किसो?" तुला काय झालं? शेवटी प्रत्यय लावून माआनन केलं की, याचं काय करायचं, हे कसं करायचं. 'कुठे' चंही तसंच. इत्सोवा म्हणजे कुठे, आणि दिशेचा ताला लावला की "तालात्सोवा किसो?", तू कुठे निघालास. जाण्यासाठी वेगळं क्रियापद लागत नाही. म्हणजे अजून ठाऊक नसलेल्या कामालाही त्या भाषेत क्रियापदाची जागा तयार आहे.

याच्यावरून एक घरगुती गोष्ट. तिच्या गावात वाटेत कोणी भेटलं की "तालात्सोवा?" विचारतात, ती विचारपूस असते. मराठीत 'कुठे' शिकल्यावर तिने तेच सुरू केलं. मी पिशवी घेऊन चपला घातल्या की वरच्या गॅलरीतून हाक, "काकू, कुठे?" आता आमच्या घरात सासूबाईंच्या वेळेपासून निघालेल्या माणसाला 'कुठे' विचारायचं नाही, काम होत नाही म्हणतात. विचारायचंच असेल तर "लांब?" किंवा "कुणीकडे?" तिला हे सांगितलं तेव्हा तिने ते अगदी गंभीरपणे वहीत लिहून घेतलं. दुसऱ्या दिवसापासून "काकू, कुणीकडे?" सुरू झालं आणि मंडईच्या बसमध्ये बसेपर्यंत ते माझ्या कानात राहायचं.

'कधी'बद्दल तिने मला शेजारच्या भाषांमधलं दाखवलं. तैवानमध्ये सोळाही भाषांचे, त्यांच्या बोलींसकट, धडे एका फुकट संकेतस्थळावर ध्वनिमुद्रणासह ठेवले आहेत; आम्ही जेवणानंतर ते ऐकत बसायचो. आलिशानच्या डोंगरातल्या त्सोउ भाषेत 'कधी' दोन आहेत. घडून गेलेल्याविषयी विचारायचं तर नेहोम्ना, घडायचंय त्याविषयी होहोम्ना. तोच ने 'काल'च्या शब्दात आहे, नेहुत्समा, आणि तोच हो 'उद्या'त, होहुत्समा. पाइवानमध्येही तसंच: होऊन गेलेलं ताङिदा, व्हायचंय ते नुङिदा, आणि उद्या म्हणजे नुतिआव. आपल्याकडे "परवा" म्हटलं की मागचा की पुढचा ते क्रियापद येईपर्यंत कळत नाही. त्सोउ माणूस प्रश्नाच्या पहिल्याच अक्षरात तोंड कोणीकडे आहे ते सांगून मोकळा होतो.

आता मूळ मुद्दा, ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं.

तैवान 1895 ते 1945 जपानच्या ताब्यात होतं. तिची आजी त्या काळात जन्मली, शाळेत जपानी शिकली, घरात आमिस बोलली. मग चिनी राजवट आली आणि शाळांत फक्त मँडरिन. घरची भाषा तोंडून निघाली तर दंड, गळ्यात पाटी. तिच्या आईच्या पिढीने हे सोसलं आणि आपल्या मुलांशी मँडरिनमध्येच बोलायचं ठरवलं, त्यांच्या वाट्याला ते येऊ नये म्हणून. मला त्या आयांचा राग येत नाही. पुढे वारं फिरलं. 2001 पासून प्राथमिक शाळांत आठवड्याला एक तास घरच्या भाषेचा आला. 2005 साली सगळ्या जमातींच्या लिप्या अधिकृतपणे ठरल्या. 2017 च्या कायद्याने या भाषांना राष्ट्रीय भाषांचा दर्जा मिळाला. मूळ रहिवासी मुलांना प्रवेश परीक्षेत वाढीव गुण मिळतात आणि भाषेची परीक्षा उत्तीर्ण झाली तर ते आणखी वाढतात.

आमची पाहुणी त्या आठवड्याच्या तासाला बसली होती. भाषेची परीक्षाही उत्तीर्ण झाली होती. तिला रंग येत होते, प्राणी येत होते, आकडे येत होते, गाणी येत होती. सुट्टीत गावी गेली की आजीसमोर ती सगळी म्हणून दाखवायची आणि आजी कौतुकाने हसायची. मग दोघी गप्प. आजी मोडक्या मँडरिनमध्ये विचारायची, जेवलीस का? ही मँडरिनमध्ये हो म्हणायची. घर मात्र आजीचं होतं. आमिसांत परंपरेने घर बाईकडून मुलीकडे जातं, नवरा लग्न करून बायकोच्या घरी येतो. तेव्हा त्या घरात काय कसं करायचं याचं सगळं ज्ञान आजीच्या तोंडात, आणि नातीजवळ ते मागायला शब्द नाहीत. मांजर म्हणजे काय ते माहीत, पण "हे काय?" माहीत नाही.

कॉलेज संपल्यावर तिने स्वतः ठरवून उलटं केलं. आजी परसात रानभाज्या निवडत बसली होती, आणि आमिस लोकांचा रानभाज्यांचा नाद सबंध तैवानला ठाऊक आहे. ही शेजारी जाऊन बसली आणि एकेक पान उचलून "ओ माआन कोनी?" विचारत गेली. हे काय? पहिल्या दोन-तीन पानांची आजीने नावं सांगितली. मग कडू पान आलं तेव्हा नातीने पुढचा शब्द टाकला, माआनन? हिचं काय करायचं? आणि आजी बोलायला लागली. मँडरिन सोडून, तिच्या स्वतःच्या भाषेत, वेगाने. नातीला त्यातलं फार थोडं समजलं. न समजलेला प्रत्येक शब्द तिने पुन्हा प्रश्न म्हणून परत दिला. त्यानंतर त्या दोघींमध्ये मँडरिन हळूहळू मागे पडत गेली.

हे सगळं ती मला इथे सांगत होती, आमच्या स्वयंपाकघरात, आणि माझ्या डोळ्यांसमोर माझा नातू होता. तो बाणेरला राहतो, इंग्रजी माध्यमात आहे. मराठी समजते. हत्ती, वाघ, मोर, लाल, पिवळा, सगळं येतं. त्याची आई ती चित्रं दाखवायला कधी चुकली नाही. पण तो प्रश्न इंग्रजीत विचारतो. सगळे. प्रश्न इंग्रजीत आला की मी सवयीने सोपं इंग्रजी मिसळून उत्तर देते, त्याची आई देते, आजोबा देतात. पुण्यात माझ्या ओळखीच्या घराघरांत हेच चाललं आहे. आपण मुलांना उत्तरं मराठीत पाठ करायला लावतो आणि प्रश्न दुसऱ्या भाषेच्या स्वाधीन करतो. ज्या भाषेत मूल "का?" विचारतं तीच भाषा त्याच्या डोक्यात पुढे वाढत जाते, असं माझं ठाम मत झालं आहे. म्हणून मला चित्रांच्या पुस्तकांपेक्षा 'का', 'कशाला' आणि 'कसं' ची चिंता जास्त वाटते.

मी सुनेशी बोलले. तिला अपराधी वाटावं असं काही म्हणायचं नव्हतं, ती दिवसभर नोकरी करून थकलेली असते. एवढंच ठरवलं की आठवड्यातले जे दिवस तो आमच्याकडे असतो, तेव्हा प्रश्नाचा पहिला शब्द मराठी हवा. पुढचं वाक्य कसंही असलं तरी चालेल. त्यामुळे सध्या "आजी, का रेन थांबत नाही?" असं ऐकू येतं आणि मी त्याला न दुरुस्त करता ढगांविषयी मराठीत सांगते. गेल्या रविवारी तव्यावर थालीपीठ होतं. त्याने वास घेतला आणि विचारलं, "हे कशाचं?" हा शब्द त्याला मी शिकवला नव्हता, माझ्या वर्गाच्या फळ्यावरून त्याने उचलला असणार. मी भाजणीचा डबा काढला. ज्वारी, बाजरी, गहू, हरभऱ्याची डाळ, उडीद, धने, जिरं, एकेक नाव सांगितलं. त्याने लगेच विचारलं, "किती किती?"

पाहुणी पावसाळ्याआधी ताइतुंगला परत गेली. जाताना तिच्या वहीतली ती दोन रकाने असलेली पानं मी झेरॉक्स करून ठेवली. येत्या जूनच्या वर्गात दुसऱ्या रकान्यात मी आमिस लिहिणार आहे. बंगळुरूहून, लखनौहून आलेल्या विद्यार्थ्यांना मग पुढचा रकाना रिकामा देईन, म्हणजे ते आपापल्या घरचे प्रश्न तिथे भरतील. पहिल्या आठवड्यात एवढंच काम.